मामींची मान आणि भिकाजीची शेळी

आमच्या गावात मामींसमोर कोणी चहा पीत नाही. प्यायचाच झाला तर माणूस कप घेऊन अंगणात जातो, नाहीतर भिंतीकडे तोंड करून उभा राहतो. मामी म्हणजे माझी सासू, भामाबाई. माझ्या सख्ख्या मामाची बायको, म्हणून लग्नाआधीही मामी आणि लग्नानंतरही मामीच.

हा मान त्यांना दहाव्याला मिळाला. माझी बायको नंदा गेल्या भादव्यात गेली. सकाळी डोकं दुखतंय म्हणाली आणि संध्याकाळी तिला दवाखान्यातून तशीच आणावी लागली. त्याबद्दल मला जास्त लिहिता येत नाही. दहाव्याला इंद्रायणीच्या काठावर पिंड ठेवला तर कावळा शिवेना. समोरच्या झाडावर कावळे होते, पण खाली उतरायला एकही तयार नव्हता. गेलेल्या माणसाचा जीव कशात तरी अडकलाय असं समजून मग जो तो पुढे होऊन शब्द देतो, तसं सुरू झालं. मी म्हणालो, रेणुकाला अंतर देणार नाही. रेणुका आमची मुलगी, पिंपरीला दिली आहे. कावळा हलला नाही. मी म्हणालो, तू लावलेला गवती चहा वाळू देणार नाही. एका कावळ्याने मान वाकडी केली, तेवढंच.

शेजारचा भिकाजी माझ्या कानाशी आला. "केरबा, दारू सोडतो म्हन."

"मी पितो कुटं?"

"आगुदर धरायची व्हती मग. आता सोडायला काय ऱ्हायलं न्हाई तुझ्याकडं."

शेवटी मामी पुढे आल्या. त्यांनी पदर सावरला आणि पिंडाला म्हणाल्या, "नंदे, तुझ्या हातचा च्या आता मिळायचा न्हाई. मग दुसऱ्या कुनाचा कशाला पिऊ? माझा च्या आजपासनं सुटला बघ."

शब्द तोंडातून बाहेर पडतो न पडतो तोच कावळा उतरला आणि पिंडाला चोच मारून गेला. बायका रडायला लागल्या. आंदर मावळातल्या ज्या गावाहून मामी आल्या होत्या तिथली माणसं तर गारच पडली, कारण त्यांना मामींचा चहा माहीत होता. जेवण चुकलं तर चालेल, पण बशी चुकली तर घर डोक्यावर घेणारी बाई. तेव्हापासून मामी म्हणजे कावळ्यानं ऐकलेल्या मामी.

दहाव्यानंतर त्या माझ्याकडेच राहिल्या. नंदा त्यांची एकुलती एक, मामा कधीच गेलेले. तिकडे रिकाम्या घरात त्या एकट्या आणि इकडे मी एकटा. त्या म्हणाल्या, "तुमाला सादं पानी तापवता येत न्हाई, जावयबापू. मी ऱ्हाते." मी मळवली स्टेशनच्या पलीकडे एका बंगल्यावर केअरटेकर आहे. बंगला मुंबईच्या साहेबांचा, ते महिन्यातून एखादा शनिवार-रविवार येतात. बाकीचे दिवस झाडांना पाणी घालायचं, फरशी पुसायची आणि माकडं हाकलायची.

मामींनी चहा सोडल्यावर मी घरात चहाची पुडी आणणंच बंद केलं. त्यांच्या नाकासमोर पातेल्यात आलं उकळायचं हे बरं दिसलं नसतं. सकाळी उठून मी स्टेशनजवळच्या टपरीवर जायचो. पावसात, थंडीत, तापात. सासूच्या शब्दासाठी जावयानं एवढं करायलाच पाहिजे, असं मी स्वतःला समजावत होतो. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मामींच्या मानेला डाव्या बाजूला, जबड्याच्या खाली, एक गाठ होती. सुपारीएवढी, जुनीच. सर्दी झाली की फुगायची, मग बसायची. या थंडीत ती लिंबाएवढी झाली आणि बसेना. लोणावळ्याच्या डॉक्टरबाईंनी ती काढली. गाठ तपासायला पाठवली, रिपोर्ट चांगला आला. साधी पाण्याची पिशवी होती, घाबरण्यासारखं काही नाही म्हणाल्या. टाके निघाले, मी पेढे वाटले.

आणि मान गळायला लागली.

फार नाही, थेंब थेंब. टाक्याच्या खालच्या टोकाला टाचणीच्या डोक्याएवढं छिद्र राहिलं होतं, त्यातून कधी पाण्यासारखं, कधी चिकट, कधी तांबूस यायचं. जखम वरून भरायची, दोन दिवस बरं वाटायचं, मग पुन्हा भोक पडायचं. पट्टी बदलायला आम्ही लोणावळ्याला खेटे घालू लागलो.

गावात ज्याला त्याला कारण माहीत होतं. कोणी म्हणालं वांगं खाल्लं असेल. कोणी म्हणालं दृष्ट लागली. भिकाजी म्हणाला, "मावशे, डॉक्टरीनबाईनं खोल खांदलं आनि पानी लागलं. आमच्या वावरात बोअरला लागंना. आता मीटर बसवून घे."

"तुज्या जिभंला बसव मीटर," मामी म्हणाल्या.

डॉक्टरबाई मात्र हसण्यावारी नेत नव्हत्या. त्यांनी मला समोर बसवून नीट सांगितलं. कधी आतला टाका अंगाला मानवत नाही, मग शरीर तो बाहेर ढकलत राहतं. कधी आत पू साचून राहतो. साखर असली तर जखम भरत नाही. टीबी असला तर महिनोन्महिने वाहतं. आणि कधी पिशवीचा एखादा तुकडा नाहीतर तिचं मूळ आत राहून जातं, ते पाझरत राहतं. एकेक करून बघू म्हणाल्या.

बघितलं. साखर नव्हती. टीबी नव्हता. औषधाच्या गोळ्यांनी पू गेला, पाणी गेलं नाही. एकदा चिमट्याने आतून काळ्या दोऱ्याचा एक तुकडा निघाला. सगळ्यांना हायसं वाटलं, मी दुसऱ्यांदा पेढे आणले. पेढे संपायच्या आत पट्टी पुन्हा ओली.

"आजी, एक सांगा," डॉक्टरबाई म्हणाल्या. "खाल्ल्यावर, प्यायल्यावर जास्त येतं का?"

"न्हाई."

"दूध, चहा, ताक, काही प्यायलं की लगेच?"

मामींनी मान जमेल तेवढी ताठ केली. "च्या सोडलाय मी." आणि कावळ्याची सगळी हकिकत सांगितली. डॉक्टरबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. बाहेर बसलेल्या पेशंटांनीही ऐकलं. एका बाईने आत येऊन मामींच्या पायाला हात लावला.

या सगळ्यात एकच माणूस असा होता ज्याचं लक्ष पायाकडे नव्हतं, पट्टीकडे होतं. सारिका सिस्टर. तिने जुनी पट्टी काढली, टाकायच्या डब्याकडे नेली आणि मध्येच थांबली. पट्टी नाकाजवळ नेली.

"आजी, जखमेला काही लावता का तुम्ही? पाला वगैरे?"

"न्हाई गं."

"गवती चहाचा वास येतोय."

मी मामींकडे पाहिलं. मामींनी छताच्या पंख्याकडे पाहिलं.

"डास चावत्यात," मामी म्हणाल्या. "म्हनून उशाला ठिवते मी पात्या."

"उशाला ठेवा, जखमेला नको," सारिका म्हणाली आणि विषय संपला. तिचा संपला. माझ्या डोक्यात तो लोणावळ्यापासून मळवलीपर्यंत फिरत राहिला.

आमच्या घरामागे मोरीच्या पाण्यावर नंदाने गवती चहा लावला आहे. चांगलं दाट बेट आहे. दहाव्याला शब्द दिला होता म्हणून मी रोज पाणी घालतो. गेले काही महिने त्याच्या पात्या कमी होत होत्या. मी मामींना विचारलं होतं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "भिकाजीची शेळी खाती, दुसरं कोन." मी भिकाजीशी भांडलो होतो. त्याने शेळीचं दावं आखूड केलं होतं आणि वर चार दिवस माझ्याशी बोलणं टाकलं होतं.

त्या संध्याकाळी मी बेटाजवळ खाली बसून पाहिलं. पात्या एका रेषेत, तिरप्या कापलेल्या होत्या. शेळीला विळा वापरता येत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी बंगल्यावर चाललो म्हणून निघालो आणि चारच्या सुमाराला परत आलो. पुढच्या दाराने नाही, मागून, मोरीकडून. चार ही नंदाची चहाची वेळ. बंगल्यावर असलो तरी ती मला फोन करून विचारायची, "प्यायलात का?" एवढंच विचारून ठेवून द्यायची.

स्वयंपाकघराच्या खिडकीला जाळी आहे, तिथून आतलं दिसतं. ओव्याच्या डब्यातून मामींनी चहाची पूड काढली. पातेल्यात पात्या उकळत होत्या. मांजराला म्हणून रोज राखून ठेवलेलं दूध त्यांनी त्यात ओतलं. एवढ्या दिवसांत ते मांजर काही मी पाहिलं नव्हतं. मग नंदाचा निळ्या फुलांचा कप घेतला, गाळून भरला आणि तिच्या फोटोसमोर ठेवला.

"घे," मामी म्हणाल्या. "गरम हाय, फुकून पी. जावयबापू बंगल्यावर गेल्यात. भिकाजीची चंपा काल आलती, लय इचारीत व्हती तुजं." चंपा म्हणजे भिकाजीची बायको. "तिची सून पळाली म्हाहेरी. बरंच झालं, चंपी कुनाला नांदू देती व्हय."

असं थोडा वेळ चाललं. मग मामी जरा थांबल्या, जसं समोरचं माणूस कप खाली ठेवेपर्यंत आपण थांबतो. "झाला? बरं." त्यांनी कप उचलला, दाराकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं (मी खाली बसलो), बशीत ओतला आणि हनुवटी वर करून घटाघटा प्यायल्या. मी परत वर होऊन पाहिलं. पदराने त्या मान पुसत होत्या.

खरं सांगतो, मला आधी राग आला. सगळ्या थंडीत, ताप असला तरी, मी टपरीवर गेलो होतो. मग हसू आलं. आणि मग त्या फोटोसमोर मी एवढ्या दिवसांत एकदाही नंदाशी असा बोललो नव्हतो हे लक्षात आलं, तेव्हा हसू गेलं. मी पुढच्या बाजूला जाऊन मोठ्याने खोकलो. आतून भांड्यांचा आवाज आला. दार उघडेपर्यंत ओव्याचा डबा फळीवर होता आणि मामी जपमाळ ओढत होत्या.

"लवकर आलात?"

"माकडं न्हवती आज," मी म्हणालो.

सरळ विचारता आलं असतं. पण सासूला जावयाने "तुमी चोरून चहा पिता" असं म्हणायचं, तेही जिच्या शब्दावर कावळा उतरला तिला! ते माझ्याने झालं नसतं. डॉक्टरबाईंना परस्पर सांगावं असं ठरवून पुढच्या खेपेला गेलो, तर त्यांनीच आधी बोलायला सुरुवात केली. म्हणाल्या, आता मला वाटतं पिशवीचं मूळ आत राहिलंय. पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात तपासणी करून पुन्हा ऑपरेशन करावं लागेल. न केलं तर हे असंच वाहणार, मध्येच पू होणार, आणि मानेत पू खोलवर उतरला तर जिवावर बेतू शकतं.

मामी उठल्या. "न्हाई करायचं."

"आजी, भूल देऊनच करतात."

"भुलीचं न्हाई. आता पुरं. चला, जावयबापू."

मी बोलायला तोंड उघडलं तर त्या बाहेर जाऊन रिक्षात बसल्याही.

घरी आल्यावर त्यांनी खाटेखालची पत्र्याची पेटी काढली आणि नवं लुगडं वर काढून ठेवलं. मी विचारलं, हे कशाला? म्हणाल्या, "मी गेल्यावर शोदत बसू नगा. ह्येच नेसवा." रेणुकाला फोन करून तिला नाकातली नथ कुठे आहे ते सांगितलं. रेणुका रडत मला म्हणाली, "बाबा, आजीला काय झालंय? काहीतरी करा." मी नुसता हो हो म्हणत राहिलो. एका वर्षात या घरातून दुसरं माणूस मी जाऊ देणार नव्हतो. घरात कोणी भांडायलाही उरलं नसतं.

पण त्या घाबरल्या कशाला हे मला समजत नव्हतं. सुरीला घाबरणारी बाई नव्हती ती. भाताच्या कापणीत बोट कापलं तेव्हा स्वतःच हळद भरून पुन्हा वाफ्यात उतरली होती. समजलं ते चारला. मी पुन्हा मोरीकडून खिडकीशी गेलो.

"नंदे," आत मामी फोटोला म्हणत होत्या, "तुजा राग मला समजतो. कावळा धाडलास, मी शबूद दिला, आनि मीच पितीया. म्हनून तू गळ्यातनं भायेर काढतीयास. काढ. आता डॉक्टरीन म्हनती पुना कापू. कापून काय उपेग? तू थोडीच थांबनार हायस. पर मी च्या बंद केला तर तू बिनच्याची ऱ्हाशील. मग वाहू दे. घे, पी."

म्हणजे हे होतं. मामींच्या मानेत नंदा बसली होती आणि प्यायलेला चहा परत बाहेर ढकलत होती.

मी तिथून निघालो तो थेट बंगल्यावर गेलो. साहेबांच्या फ्रिजमध्ये कोकम सरबताची बाटली होती, पाहुण्यांसाठी ठेवलेली. ती पिशवीत घातली. कामाला लागल्यापासून बंगल्यातली एक काडी मी कधी घरी नेली नव्हती, पण साहेबांनाही आई आहे, असं म्हणून नेली. येताना स्टेशनजवळून स्वच्छ पांढरी पट्टी घेतली.

"मामी," मी म्हणालो, "ऊन लय वाढलंय. कोकम पिता का?"

"कशाला उगाच?"

"साहेबांनी दिलंय. तुमच्यासाठीच म्हणाले. आधी पट्टी बदलून घेऊ, ती ओली झालीय."

पट्टी बदलली. आता ती बर्फासारखी पांढरी होती. मी पेल्यात सरबत ओतलं, घट्ट, लालभडक. मामी नेहमीसारख्या हनुवटी वर करून प्यायल्या. त्यांना घोट घोट पिणं माहीतच नाही. मी समोर बसून राहिलो.

"काय बगताय टकामका?"

"काय न्हाई."

पट्टीच्या खालच्या कडेला एक ठिपका उमटला. आधी फिका, मग चांगला गुलाबी, रंगपंचमीसारखा. मी भिंतीवरचा आरसा काढून त्यांच्या समोर धरला.

मामींनी पाहिलं. बोट लावलं. बोट चाटलं. मग पुन्हा आरशात पाहिलं.

"कोकम हाय ह्ये."

"व्हय."

"कोकम म्या कुटं सोडलं व्हतं?"

"मी बी त्योच इचार करतोय," मी म्हणालो. "चहाचा राग मी समजू शकतो. पण कोकमानं नंदाचं काय वाकडं केलंय?"

मामींनी आरसा खाली घेतला. "तुमाला ठावं व्हतं."

"शेळीला इळा वापरता येत न्हाई, मामी."

त्यांनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडतायत. हसत होत्या. मग रडल्याही, पण आधी हसल्या. सावरल्यावर एकदम कोर्टात उभ्या राहिल्यासारख्या बोलायला लागल्या.

"आता ऐका. म्या काय म्हनले व्हते? माझा च्या सुटला. माझा. पिंडाम्होरं सगळ्यांनी ऐकलंय. ह्यो माझा न्हाई. ह्यो नंदीच्या वाटचा. ती प्याली की उरतो त्यो निवद. देवाम्होरला निवद आपन मोरीत वततो व्हय?"

"न्हाई वतत."

"मग?"

"मग काय, बरोबरच हाय. पण मग तुमी घाबरलात कशाला?"

मामींनी कोकमाचं बोट पदराला पुसलं. म्हणाल्या, "शबूद माझा बरोबर व्हता. पर कावळ्याला एवढं बारीक समजलं आसंल का, ह्येची शंका व्हती."

मी त्यांना सांगितलं ते एवढंच. नंदाने तुम्हाला कधी चहा नाकारला नाही, जिवंतपणी एकदाही नाही, ती आता कशाला नाकारेल. हे भोक आहे. घशातून मानेत एक नळी उतरलीय, बाकी काही नाही. चहा आत जातो आणि थोडा वाट चुकतो.

"मग ती भोकाची वाट बुजवा," मामी म्हणाल्या. "निवद सांडतोय."

लोणावळ्याला गेल्यावर मामींनी डॉक्टरबाईंना दार लावायला सांगितलं, मग मला बाहेर काढलं, मग सारिका सिस्टरला बाहेर काढलं. आम्ही दोघं बाहेर उभे. आतून आधी काहीच ऐकू आलं नाही, मग डॉक्टरबाईंचं हसू फुटलं ते आवरेना. सारिका माझ्याकडे बघून म्हणाली, "गवती चहाच होता ना? मला माहीत होतं."

"उशाला ठेवतात त्या," मी म्हणालो.

डॉक्टरबाईंनी मग मला आत बोलावून कागदावर चित्र काढलं. बाळ पोटात असताना मान तयार होते, तेव्हा काही वाटा असतात, पुढे त्या बुजतात. एखाद्याची बुजत नाही. मामींची बुजली नव्हती. ती इतकी बारीक की जन्मभर कळली नाही, फक्त सर्दीत गाठ फुगायची. गाठ काढली, पण तिच्यापासून वर घशापर्यंत जाणारी दोऱ्याएवढी वाट सुजेत दिसली नाही आणि तशीच राहिली. "मी विचारलं होतं हो आजी, प्यायल्यावर येतं का," त्या म्हणाल्या. "तुम्ही नाही म्हणालात, म्हणून मी टाक्याच्या आणि टीबीच्या मागे लागले."

"तवा मानसं बसली व्हती भायेर," मामी म्हणाल्या.

पुण्याला त्यांना निळं पाणी प्यायला दिलं. मानेतून निळं आलं. मामी तिथल्या डॉक्टरांना म्हणाल्या, "आमी घरी कोकमावर करतो ह्ये." ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मात्र त्यांनी मला पलंगाजवळ बोलावून हात धरला.

"मी हितं हाय तवर तिच्या च्याचं काय?"

"मी करीन."

"तुमाला येत न्हाई."

"कॅन्टीनमधला घेईन."

"आन् उरलेला?"

"मी पिईन. निवद टाकत न्हाईत."

तसं केलं. ऑपरेशन चाललं होतं तेव्हा चार वाजले. मी कॅन्टीनमधून एक चहा आणला, कॉरिडॉरच्या बाकावर ठेवला, मोबाईलवर नंदाचा फोटो उघडला आणि कपाला टेकवून उभा केला. शेजारी बसलेला माणूस जरा सरकून बसला. नंदाला तो चहा आवडला नसता, नुसती साखर होती. पण मला जे विचारायचं होतं ते मी विचारलं. "प्यायलीस का?" एवढंच. मग मोबाईल बंद केला आणि चहा प्यायलो. मामींना बाहेर आणलं तेव्हा नाकात नळी होती आणि बोलता येत नव्हतं. त्यांनी डोळ्यांनी मला विचारलं. मी मान डोलावली.

नळी निघाल्यावर पुन्हा निळं पाणी दिलं. डॉक्टर बघत होते, मी बघत होतो, शेजारच्या खाटेवरची बाईसुद्धा बघत होती. पट्टी पांढरीच राहिली. मामींनी ती आरशात तीनदा पाहिली.

आता त्या घरी आहेत. मान कोरडी आहे. गेल्या आठवड्यात दुपारी भिकाजी बघायला आला. मी चहा केला. हो, मीच. पात्या किती, आलं कधी टाकायचं, हे मामींनी खाटेवरून ओरडून शिकवलं आहे. एक कप भिकाजीला, एक मला, आणि निळ्या फुलांचा भरून फोटोसमोर ठेवला.

"ह्यो कुनाला?" भिकाजीने विचारलं.

"नंदाला. चारचा."

भिकाजीने फोटोला हात जोडले. मग म्हणाला, "केरबा, तुला एक इचारायचं व्हतं. आमच्या शेळीचं दावं किती दिस आखूड ठिवायचं? बिचारी वाळली."

"सोड तिला," मामीच म्हणाल्या. "तिची चूक न्हवती. जावयबापूंनी उगाच आळ घेतला." मला ऐकून घ्यावं लागलं. जावयाने काय बोलायचं!

"मावशे, मानेचं पानी कशानं व्हतं म्हनं मग?"

"भोक व्हतं जुनं. बुजवलं."

"मी म्हनलं व्हतं ना, बोअर." भिकाजीने कप उचलला आणि मामींकडे पाहून ओशाळला. "तुज्याम्होरं प्यायला कसंतरीच वाटतं बग. तुजा शबूद म्हंजी शबूद."

"पी की. मी काय म्हनते?"

"न्हाई न्हाई." भिकाजी उठला, भिंतीकडे तोंड करून, मान खाली घालून, अगदी देवळात उभं राहावं तसा उभा राहिला आणि फुंकर मारत चहा प्यायला लागला.

मामींनी फोटोकडे पाहिलं, जरा थांबल्या. मग निळ्या फुलांचा कप उचलला, बशीत ओतला आणि हनुवटी वर केली. आवाज होऊ नये म्हणून या वेळी घोट घोट प्यायल्या. मी त्यांच्या मानेकडे बघत होतो. पट्टीवर काही उमटलं नाही. भिकाजी वळायच्या आत रिकामा कप फोटोसमोर होता.

"केरबा," भिकाजी बसत म्हणाला, "वहिनींचा कप रिकामा कसा?"

मामींनी जपमाळ उचलली.

"तुजी शेळी आली आसंल," मी म्हणालो.